पावती कुणाच्या नावावर?

पावसाळा तोंडावर आला की या सदरासाठी येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी डिपॉझिट, करार, शेजाऱ्यांची भांडणं. जून लागला की टेकू, तुळया, जिने आणि नोटिसा. या वेळी मी मुंबईच्या जुन्या चाळींतली, म्हाडाच्या आणि महापालिकेच्या घरांतली पत्रं निवडली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो, पण ते दाखवायचं कसं, ही भीती त्यांतल्या बहुतेकांत आहे. लघुवाद न्यायालयात भाडेकरूंची बाजू मांडण्यात माझी उमर गेली. ज्यांनी खोली गमावली, त्यांतल्या बहुतेकांचा हक्क पक्का होता. कागद वेळेवर झालेले नव्हते. म्हणून उत्तरांत मी कागदांबद्दल वारंवार बोलणार आहे, ते सहन करा. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे काढले आहेत.

प्रश्न : ताई, लालबागला चाळीत आमची एक खोली आहे. भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर. ते २००९ साली वारले, पण पावती त्यांच्याच नावाने येत राहिली आणि आम्ही भाडं भरत राहिलो. गेल्या वर्षी माझे मिस्टर गेले. आता भाडं घ्यायला येणारे मेहता म्हणतात, 'तुमचं नाव कुठेच नाही, तुमच्याकडून भाडं घेता येणार नाही. नाव चढवायचं तर मालकांना तीन लाख द्या.' माझे दीर २००१ पासून विरारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. ते म्हणतात, मामंजींनी मृत्युपत्रात खोली दोन्ही मुलांना दिली आहे, तेव्हा अर्धी त्यांची. माझ्या दोन मुली शाळेत आहेत. आम्ही कुठे जायचं?
— एक भगिनी, लालबाग

उत्तर : कुठेही जायचं नाही. त्या खोलीच्या भाडेकरू आज तुम्ही आहात, आणि ते मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मध्ये भाडेकरू कुणाला म्हणायचं ते सांगितलं आहे. भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारी त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. सोबत राहणारं कुणीच नसेल, तरच बाकीच्या वारसांचा विचार होतो. तुमच्या घरात हे दोनदा घडलं. २००९ साली मामंजी गेले तेव्हा त्यांच्याजवळ तुमचे पती राहत होते, दीर विरारला होते. त्याच दिवशी तुमचे पती भाडेकरू झाले. पावतीवर जुनं नाव राहिलं म्हणून त्यात काही फरक पडला नाही. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ तुम्ही आणि मुली होतात. पुढचा हक्क तुमच्याकडे आला.

दिरांचं म्हणणं टिकणारं नाही. स्वतःच्या मालकीचं घर असेल तर माणूस मृत्युपत्राने ते कुणालाही देऊ शकतो. पण भाडे नियंत्रणाखालची खोली मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच स्पष्ट केलं आहे. खोली कुणाकडे जाणार हे कायदा ठरवतो, आणि तो पाहतो की शेवटपर्यंत सोबत कोण राहत होतं. दिरांशी भांडू नका, त्यांचं विरारचं वीजबिल आणि तिथल्या मतदारयादीतलं नाव एवढं मिळालं तर जपून ठेवा.

तीन लाखांची मागणी कुठून येते तेही सांगते. कलम ५६ प्रमाणे भाडेकरूला आपली जागा दुसऱ्याला द्यायची असेल, तर तो पागडी, म्हणजे जागेच्या बदल्यात एकरकमी पैसे, घेऊ शकतो आणि संमती देण्यासाठी मालकही पैसे घेऊ शकतो. १९९९ च्या कायद्याने पागडीला अशी उघड मान्यता दिली. पण तो व्यवहार परक्या माणसाशी होतो. तुमच्याकडे खोली कायद्याने आली आहे, तिथे मालकाची संमती लागतच नाही, मग संमतीची किंमत कसली? मेहतांना हे शांतपणे सांगा. ते नोकरी करणारे गृहस्थ आहेत, मालकाचा निरोप पोचवतात. राग त्यांच्यावर काढू नका.

आता काय करायचं. मालकाला एक साधं पत्र लिहा, मराठीत चालेल. सासरे कधी वारले, पती कधी वारले, त्या दोन्ही वेळी घरात कोण राहत होतं, आणि यापुढे पावती माझ्या नावाने द्यावी, एवढंच. दोन्ही मृत्यू दाखल्यांच्या प्रती जोडा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. भाडं एक महिनाही थांबवू नका. मेहता घेत नसतील तर मनीऑर्डर करा. ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आली, तर तो कागद सोन्याच्या मोलाचा समजा. कलम १५ म्हणतं की भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे तोवर भाडं थकलं या कारणाने त्याला काढता येत नाही; आणि तुमची तयारी त्या परत आलेल्या मनीऑर्डरीवरून दिसते. समजा थकबाकीचा दावा झालाच, तरी आधी मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, आणि समन्स हाती पडल्यावरही ९० दिवसांत १५ टक्के व्याजासह सगळी बाकी न्यायालयात भरली तर खोली वाचते. भाडं घेतल्यावर पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. मेहता उद्या मऊ झाले आणि सासऱ्यांच्याच नावाने पावती देऊ लागले, तरी ती घ्या. भाडं तुम्ही भरलंत याचा तो पुरावा आहेच.

यासोबत एक पिशवी करा. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, बेस्टची जुनी बिलं, गॅसचं पुस्तक, मुलींच्या शाळेचे दाखले, दवाखान्याचे केसपेपर, आजवरच्या सगळ्या भाडेपावत्या. त्या खोलीचा पत्ता असलेलं जे जे सापडेल ते त्यात जाऊ द्या, आणि सगळ्याच्या झेरॉक्स माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा. मालक तरीही अडला, तर लघुवाद न्यायालयात 'मी भाडेकरू आहे असं जाहीर करा' असा दावा लावता येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा.

हे उत्तर लांबलं, कारण असं पत्र दर महिन्याला येतं आणि प्रत्येक वेळी ते बाईचं असतं. माझ्या आईने गिरगावातल्या चाळीत अख्खा संसार केला. भाड्याचे पैसे तीच मोजून ठेवायची आणि पावतीवर तिचं नाव कधी आलं नाही. ज्यांचे पती हयात आहेत त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : दोघांनी सही करून मालकाला आजच पत्र द्या की पावती जोडनावाने द्यावी. मालक मानेलच असं नाही, पण दोघं तिथे राहतात याची लेखी नोंद त्या तारखेपासून होते.

प्रश्न : मी परळच्या चाळीत १९७४ पासून भाडेकरू. गिरणी बंद झाली, नंतर वॉचमनची नोकरी केली, आता मी व सौ. मालवणजवळ गावी असतो. मुलगा पुण्यास. खोलीस कुलूप आहे, भाडे वेळेवर भरतो. मालकाची नोटीस आली की खोली वापरात नाही, ताबा द्या. भाडे भरत असता असे करता येते काय?
— एक निवृत्त कामगार

उत्तर : येतं, काका. आणि तुमच्यासारख्या चाकरमान्यांच्या खोल्या सर्वांत जास्त याच कलमाखाली जातात, म्हणून नोटिशीचं उत्तर लगेच द्या.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ताबा मागण्याची कारणं दिली आहेत. त्यांत एक असं आहे : ज्या कामासाठी जागा दिली, त्या कामासाठी ती दाव्याच्या आधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापरली नाही. भाडं भरणं आणि राहणं या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात. गणपती आणि शिमगा गावी, बाकी वर्ष मुंबईत, हा तुमचा जुना क्रम होता. निवृत्तीनंतर तो उलटतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. न्यायालयात मालकाचा वकील बेस्टचं बिल काढून दाखवतो. महिनोन्‌महिने युनिट शून्य असतील तर फार बोलायची गरजच उरत नाही.

'वाजवी कारणाशिवाय' हे शब्द तुमच्या उपयोगाचे आहेत. काकूंचं आजारपण, तुमचं ऑपरेशन, गावच्या घराची पडझड असं काही होतं का? असेल तर त्याचे तारखेसह कागद गोळा करा आणि उत्तरात तेच लिहा. सहा महिने सलग भरू देऊ नका. येऊन राहा, चूल पेटू द्या, दिवा लागू द्या, शेजाऱ्यांना दिसू द्या. रेल्वेची तिकिटं ठेवा.

एक गोष्ट मात्र करू नका. 'खोली बंद राहण्यापेक्षा' म्हणून गावचा कुणी मुलगा पैसे घेऊन ठेवू नका. पोटभाडेकरू ठेवणं हे ताबा मागण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि ते यापेक्षा लवकर सिद्ध होतं. पुतण्या किंवा भाचा सोबत राहत असेल तर तुम्हीही तिथे असायला हवं. किल्ली पूर्ण त्याच्याकडे आणि तुम्ही गावी, हे चित्र घातक आहे.

आणि मनापासून विचारते, रागावू नका : परत यायचं आहे का? नसेल, तर मालकाशी बोलून, त्याचा हिस्सा देऊन, संमतीने खोली हस्तांतरित करणं हा कायदेशीर रस्ता आहे. आयुष्यभर भाडं भरलेल्या जागेचे चार पैसे हातात येतात. खटल्यात खोली गेली तर काहीच येत नाही. हा निर्णय तुम्ही दोघांनी आणि मुलाने बसून घ्यावा.

प्रश्न : ताडदेवची आमची इमारत यंदा म्हाडाच्या अतिधोकादायक यादीत आली. खोली खाली करून संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, जा म्हणतात, तेही बोरिवलीकडे. आमच्या मजल्यावरचे जुने लोक म्हणतात, एकदा बाहेर पडलात की हक्क संपला. वडील हलायला तयार नाहीत. काय करावं?
— एक वाचक

उत्तर : वडिलांना हे उत्तर वाचून दाखवा.

आधी जीव. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी कोसळली आणि तिशीहून जास्त माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधीच ठरलेलं होतं. लोक का थांबले असतील ते मला कळतं, कारण तुमच्या वडिलांना वाटते तीच भीती होती. ती भीती कायद्याच्या दृष्टीने खरी नाही, एवढं मला ठामपणे सांगायचं आहे. इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ साली दिला आहे. भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो, आणि जमीन कोसळत नाही.

या इमारतींचं असं का झालं, तेही माहीत असावं. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याने मुंबईची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं. त्याच्यामुळेच गिरणगाव टिकलं. पण भाडी गोठलेलीच राहिली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती पडू लागल्या. मग १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ आणलं आणि ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा शहर भागात अशा १९,६४२ इमारती होत्या. तुमच्या पावतीत भाड्याच्या खाली 'दुरुस्ती उपकर' असा आकडा दिसतो ना? तो तुमच्याच घराण्याने भरलेला पैसा आहे. तेव्हा शिबिरात जाताना उपकाराखाली दबून जायचं कारण नाही.

आता खोली सोडण्याआधीची कामं. इमारत उपकरप्राप्त असल्याचा आणि ती कोणत्या वर्गातली आहे याचा उल्लेख असलेला कागद मिळवा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची ती 'अ' वर्गातली. खोली खाली करण्याची नोटीस आणि संक्रमण गाळ्याचं वाटपपत्र यांवर वडिलांचं नाव, खोली क्रमांक आणि मजला पावतीप्रमाणेच आहे का ते अक्षर अन् अक्षर ताडून बघा. 'सावंत'चं 'सामंत' झालेलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. तीच चूक वीस वर्षांनी सुधारायला प्रतिज्ञापत्रं लागतात. भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ लिहून घ्या, पोटमाळा असेल तर तोही. मोबाईलवर आतून-बाहेरून फोटो काढा, दारावरच्या क्रमांकासह. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून हे केलं तर एकमेकांचे साक्षीदारही तयार होतात.

शिबिरात गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. तिथला गाळा दुसऱ्याला देऊ नका, भाड्याने नको, मुखत्यारपत्रावर तर नकोच. शिबिरांत बायोमेट्रिक सर्वेक्षण होतं आणि गाळ्यात मूळ भाडेकरू सापडला नाही, तर पुढच्या घराचा रस्ता बंद होतो. दुसरं, सेवाशुल्काच्या पावत्या आणि मूळ भाडेपावत्या एकत्र ठेवा.

आणि इमारत पुन्हा उभीच राहिली नाही तर? रस्तारुंदी, आरक्षण किंवा भूखंड फारच चिंचोळा, अशा कारणांनी काही इमारती जागेवर बांधता येत नाहीत. त्यांच्या भाडेकरूंसाठी म्हाडाची बृहतसूची असते, तीतून दुसरीकडे कायमचं घर मिळतं. तिच्यासाठी अर्ज स्वतःहून करावा लागतो, कुणी दारात येऊन विचारत नाही. संक्रमण शिबिरात जन्मलेली मुलं तिथेच लग्नाची झालेली मी पाहिली आहेत. तो अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण ज्या घरांतून अर्ज वेळेवर गेला, त्यांची फाईल निदान टेबलावर होती.

एक महत्त्वाचा फरक : इमारत उपकरप्राप्त नसेल, तर नोटीस महापालिका देते, १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली. तिथे 'सी-१' म्हणजे खाली करून पाडायची, 'सी-२' म्हणजे दुरुस्तीने वाचणारी. मालकाने आणलेल्या अहवालात इमारत सी-१ असेल आणि तुम्हाला शंका असेल, तर भाडेकरूंना आपला स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल देता येतो. मात्र छताचा गिलावा रोज पडत असताना केवळ मालकाला हरवायचं म्हणून असा अहवाल आणू नका.

थोडक्यात काही उत्तरं.

माझगावच्या वाचकांना : मालक गळती काढत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही हलला नाही तर दुरुस्ती तुम्ही करा आणि खर्च भाड्यातून कापा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. चाळीच्या भाड्यात एवढ्याने पत्राही येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी नोटीस द्याच, मालकाने कर्तव्य टाळल्याची ती नोंद आहे.

शिवडीच्या ताईंना : भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावण्यास कलम २९ ने बंदी आहे. न्यायालयात अर्ज केला की पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश मिळू शकतो. पाण्याशिवाय गेलेल्या प्रत्येक दिवसाची तारीख लिहून ठेवा.

भायखळ्याच्या वाचकांना : भाडं दुप्पट करण्याची मागणी बेकायदा आहे. वर्षाला ४ टक्के वाढ मालक घेऊ शकतो. दोनशे रुपये भाडं असेल तर आठ रुपये. तेवढे मात्र द्या.

प्रश्न : वडील पालिकेत सफाई कामगार होते. पालिकेच्या वसाहतीतच माझा जन्म झाला. वडील निवृत्त झाले, आता घर सोडा अशी नोटीस आहे, नाहीतर निवृत्तीचे पैसे अडतील म्हणतात. आमच्या तीन पिढ्या इथे राहिल्या. भाडेकरूचा हक्क आम्हाला नाही का?
— एक तरुण वाचक

उत्तर : बाळ, तुला गोड वाटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खोटी आशा देऊन तुझं नुकसान करायचं नाही.

सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, कलम ३ तसं सांगतं. त्यातही तुमचं घर सेवानिवासस्थान आहे. ते नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं, पगारातून कापलेली रक्कम भाडं धरली जात नाही. कितीही पिढ्या राहिल्या तरी त्यातून भाडेकरूपण तयार होत नाही. ज्या माणसांनी हे शहर रोज पहाटे झाडलं, त्यांच्याजवळ निवृत्तीच्या दिवशी शहरात डोकं टेकायला जागा नसावी, हे मला मान्य नाही आणि कधी होणारही नाही. पण आज कायदा असा आहे.

तरी दारं बंद नाहीत. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद आहे. तुझा किंवा भावाचा अर्ज गेला आहे का? नसेल तर घराच्या आधी तो बघ. वारसाला नोकरी लागली की त्याच्या नावाने निवासस्थानासाठी अर्ज करता येतो. नोटिशीला लेखी उत्तर दे : वारसाचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, तो कोणत्या टप्प्यावर आहे, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मुदत मिळावी. उत्तर खात्याच्या आवकमध्ये देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घे. तोंडी भेटीवर विसंबू नकोस. वडिलांच्या युनियनलाही सोबत घे, अशा प्रकरणांत एकट्याचं पत्र खाली राहतं. आणि निवृत्तीचे पैसे नेमके कोणत्या नियमाखाली अडवले आहेत, हे लेखी माग. घराचं आणि ग्रॅच्युइटीचं प्रकरण वेगवेगळं लढता येतं, पण आधी कारण कागदावर आलं पाहिजे.

पालिकेच्या ज्या चाळी सेवानिवासस्थानं नाहीत, भाड्याने दिलेल्या आहेत, तिथलं वेगळं आहे. तिथे वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज मालमत्ता विभागात होतो. तुझ्या आजोबांचं मूळ वाटपपत्र एकदा शोध. क्वचित दोन्ही प्रकारच्या खोल्या एकाच वसाहतीत असतात आणि घरातल्यांना ते माहीतच नसतं.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या इमारतीसाठी विकासक आला आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर संमतीची सही मागतो, बाकी मजकूर नंतर भरू म्हणतो. ३०० फुटांचं घर देणार. पण बीडीडी चाळीत ५०० फूट मिळाले, मग आम्हाला कमी का?
— चार भाडेकरू मिळून

उत्तर : कोऱ्या जागेखाली सही नाही. नंतर भरायचा मजकूर नंतरच वाचू आणि नंतरच सही करू, असं चौघांनी एका आवाजात सांगा.

बीडीडीचा प्रश्न रास्त आहे. त्या चाळी १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने कामगारांसाठी बांधल्या, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या मिळून १९५ चाळी सरकारी जमिनीवर आहेत, म्हणून सरकारने म्हाडामार्फत पुनर्विकास करून ५०० फुटांचं मालकीचं घर देण्याचं ठरवलं. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. तुमची इमारत खासगी आणि उपकरप्राप्त आहे, तिला विकास नियंत्रण नियमावलीचा नियम ३३(७) लागू होतो. त्यात ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) हा किमान आकडा आहे. किमान, हे लक्षात ठेवा. त्याच्या वर किती, हे वाटाघाटीत ठरतं. आणि वाटाघाटीची ताकद सही देण्याआधी असते. ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. तेवढ्या सह्या फुटकळ-फुटकळ गोळा झाल्या की उरलेल्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून आधी एकत्र बसा.

खरा कागद म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार. तो प्रत्येक भाडेकरूच्या नावे, नोंदणी केलेला हवा. त्यात चटई क्षेत्र आकड्यात, मजला, घर मालकी हक्काने की पुन्हा भाड्यानेच, किती महिन्यांत ताबा, उशीर झाला तर दरमहा काय, आणि बाहेर राहण्याचं भाडं किती व किती महिन्यांचं आगाऊ, हे सगळं असावं. मुंबईत विकासक अर्ध्यात सोडून गेल्याने कुटुंबं वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून भाडं भरताना मी पाहिली आहेत, म्हणून आगाऊ भाड्यावर हटून बसा. कराराचा मसुदा आपल्या वकिलाला दाखवा. विकासकाने दिलेला वकील तुमचा नसतो. आणि नव्या घराच्या करारात पती-पत्नी दोघांची नावं घाला.

प्रश्न : मी नोकरीसाठी लातूरहून मुंबईत आले. चेंबूरला म्हाडा वसाहतीत एका काकूंच्या घरात लिव्ह अँड लायसन्सवर राहते. त्या म्हणतात ११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही. डिपॉझिट एक लाख रोख घेतलं, त्याची पावती नाही.
— एक वाचक

उत्तर : महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. काकूंना हे नीट समजावलंस तर त्या घाबरून का होईना, तयार होतील. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज मिळवतात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं.

मात्र तू या घरात भाडेकरू नाहीस, परवानाधारक आहेस. वर लालबागच्या भगिनींना मिळालेलं संरक्षण तुला मिळत नाही. मुदत संपल्यावर राहिलीस तर कलम २४ खाली दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. तेव्हा मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी बोलणं सुरू कर.

डिपॉझिटचं असं कर : काकूंना आज व्हॉट्सॲपवर साधा मेसेज पाठव. 'काकू, अमुक तारखेला मी तुम्हाला एक लाख रुपये डिपॉझिट रोख दिलं, ते करारात लिहून घेऊया का?' त्यांचं 'हो' आलं की स्क्रीनशॉट काढ आणि स्वतःला ईमेल कर. रोख काढल्याची बँकेतली नोंदही जोडून ठेव. नोंदणीच्या वेळी डिपॉझिटचा रकाना रिकामा किंवा कमी दाखवलेला दिसला, तर अंगठा देण्याआधी तिथेच थांबव.